उचकी थांबवण्याचे घरगुती उपाय: नेमके कसे करायचे आणि कुठे फसतात

जेवण झालं की उचकी लागते. ग्लासभर पाणी प्यायलं, साखर खाल्ली, श्वास धरून पाहिला. कधी थांबते, कधी नाही. मग घरच्या घरी करता येणारा, खरोखर चालणारा उपाय कोणता, असा प्रश्न आहे.

थोडक्यात उत्तर: छाती पूर्ण भरून श्वास वीसेक सेकंद रोखायचा आणि तो रोखलेला असतानाच दोन-तीनदा गिळायचं. साखर, कान दाबून पाणी, ग्लासाच्या पलीकडच्या कडेने पाणी पिणं हे बहुतेक उपाय याच दोन क्रिया वेगवेगळ्या वाटांनी करून घेतात. उपायच चुकीचा म्हणून तो फसला, असं क्वचित घडतं. बहुतेक वेळा श्वास अर्धाच भरलेला असतो, सहा-सात सेकंदांत सोडला जातो, किंवा पहिला उपाय पुरता होण्याआधीच घरातलं कुणीतरी दुसरा सुचवतं आणि तो सुरू होतो.

उपाय कशावर चालतो हे समजलं तर तो नीट करता येतो, म्हणून आधी शरीरात काय घडतं ते पाहू. छाती आणि पोट यांच्या मध्ये छत्रीसारखा घुमटाकार स्नायू असतो, श्वासपटल. ते आकसून खाली सरकलं की फुप्फुसांत हवा येते. उचकीत हे पटल आपल्या मर्जीविना, एका झटक्यात आकसतं. हवा आत खेचली जाऊ लागते न लागते तोच, साधारण ३५ मिलिसेकंदांत, घशातल्या स्वरपट्ट्या मिटतात आणि हवेची वाट बंद होते. आपल्याला ऐकू येतो तो आवाज या मिटण्याचा. असे झटके मिनिटाला ४ पासून ६० पर्यंत बसू शकतात.

झटक्याची आज्ञा मेंदूच्या खालच्या देठातून आणि मानेतल्या मज्जारज्जूतून येते. तिथवर खबर पोचवणाऱ्या मुख्य नसा दोन. घसा, अन्ननलिका, जठर यांना जोडणारी व्हेगस, आणि श्वासपटलाची फ्रेनिक. जठर तट्ट फुगलं, अन्ननलिकेत आम्ल चढलं, अतिगरम घासावर बर्फाचं पाणी गेलं की या नसा चाळवतात आणि चक्र सुरू होतं. एकदा सुरू झालं की मूळ कारण निघून गेलं तरी ते काही काळ आपल्या लयीत फिरत राहतं. ढेकर येऊन पोट हलकं झालं तरी उचकी चालूच राहते, ती यामुळे.

हे चक्र घरच्या घरी तोडण्याच्या जागा तीन. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की उचकीची गती मंदावते. श्वासपटल पूर्ण ताणून खाली धरून ठेवलं की त्याला झटका द्यायला वाव राहत नाही. आणि घशाच्या मागच्या भागाला जोरदार संवेदना मिळाली, किंवा सलग गिळणं झालं, की व्हेगसवर दुसराच संदेश धावू लागतो. एका वेळी यातल्या दोन-तीन जागा धरणारा उपाय सर्वांत आधी करावा. म्हणून पहिला मान श्वासाच्या पद्धतीला. त्याला वस्तूही लागत नाही.

श्वास रोखण्याची पायऱ्यांची पद्धत

ताठ बसा. कमरेला घट्ट पट्टा असेल तर सैल करा. तोंडाने सगळा श्वास बाहेर सोडा, अगदी पोट आत जाईपर्यंत. मग सावकाश, जमेल तेवढा पूर्ण श्वास आत घ्या आणि रोखा. मनात दहा मोजा. दहा झाले की श्वास न सोडता आणखी थोडी हवा आत ओढा. छाती भरलेलीच असते, तरीही घोटभर हवा जातेच. पाच मोजा. पुन्हा एक छोटा घोट हवा, पुन्हा पाच. आता ओठ बारीक करून हळूहळू श्वास सोडा. सगळं मिळून वीस सेकंदांच्या थोडं वर जातं. या दरम्यान तोंडातली लाळ दोन-तीनदा गिळली तर परिणाम वाढतो.

मधल्या दोन जादा घोटांना फार महत्त्व आहे. साधा श्वास रोखताना काही सेकंदांनी पटल थोडं ढिलं पडतं आणि झटका तेवढ्यात संधी साधतो. वरून हवा ओढली की पटल पुन्हा खाली ताणलं जातं.

चुका कुठे होतात? पहिली चूक, श्वास छातीच्या वरच्या भागातच घेतला जातो, खांदे वर उचलले जातात आणि पोट हलतही नाही. एक हात पोटावर ठेवा. श्वास घेताना तो हात बाहेर ढकलला जायला हवा. दुसरी, मध्येच उचकी आली की माणूस दचकून श्वास सोडतो. उचकी आली तरी धरून ठेवायचं. एखादी येईल, कदाचित दोन, पण मोजणं थांबवायचं नाही. तिसरी चूक सगळ्यांत जास्त आढळते. श्वास सोडल्यावर माणूस भराभर चार-पाच मोठे श्वास घेतो, त्यामुळे वाढवलेला कार्बन डायऑक्साइड लगेच उडून जातो आणि सगळी मेहनत वाया जाते. श्वास सोडल्यावर निदान एक मिनिट नाकाने, शांत, उथळ श्वास घ्या. बोलू नका, हसू नका. ‘दीर्घ श्वास घेत राहा’ हा सल्ला त्यामुळेच इथे उलटा पडतो. भराभर घेतलेले मोठे श्वास उचकीला मदतच करतात.

एका वेळी जास्तीत जास्त तीन फेऱ्या, मध्ये एक-दोन मिनिटांची विश्रांती. गरगरायला लागलं तर थांबा.

याचाच एक वेगळा प्रकार आहे, जो काही जणांना जास्त लागू पडतो. छाती पूर्ण भरा आणि मग घसा बंद न करता, तोंड उघडं ठेवून, आणखी हवा आत ओढण्याचा प्रयत्न चालूच ठेवा. सुरुवातीपासून एकूण ३० सेकंद. हवा प्रत्यक्षात फारशी जात नाही, पण ओढ कायम राहते. यात पटल सतत आकसलेलं राहतं आणि स्वरपट्ट्याही उघड्या राहतात, म्हणजे झटका आणि मिटणं या दोन्हींवर एकाच वेळी दाब येतो. अवघड भाग एकच. तोंड उघडं आहे म्हणजे घसा उघडा आहे असं नाही. नकळत घसा आतून बंद करून श्वास ‘धरला’ जातो. हवा आत जाण्याचा बारीकसा आवाज येत राहिला पाहिजे, हीच खूण.

पाण्याचे उपाय

नुसतं ग्लासभर पाणी पिऊन उचकी जात नाही, यात नवल नाही. एक घोट, मग श्वास, मग पुन्हा घोट असं प्यायलं तर कार्बन डायऑक्साइड वाढत नाही आणि गिळणंही सलग होत नाही. त्यातून मोठे घोट घेतले तर पाण्याबरोबर हवाही पोटात जाते आणि जठर आणखी फुगतं. जेवणानंतरच्या उचकीत तर मूळ तक्रारच फुगलेल्या जठराची असते.

पद्धत अशी असावी. साधारण १५० मिलिलिटर पाणी, थंड पण दात शिवशिवतील इतकं नाही. श्वास भरून घ्या, रोखा, आणि मध्ये श्वास न घेता आठ-दहा अगदी लहान घोट एकापाठोपाठ गिळा. घोट चमचाभरच असावा. शेवटचा घोट पूर्ण खाली गेला की मगच श्वास सोडा. तोंडात पाणी असताना हवा आत ओढू नका, ठसका तिथेच लागतो.

कान बंद करून पाणी पिण्याचा उपाय पुष्कळांना भाकड वाटतो, पण त्याला आधार आहे. व्हेगसची एक बारीक शाखा कानाच्या नळीपर्यंत येते. कानासमोरचा छोटा कूर्चेचा उंचवटा बोटाने दाबून नळी झाकायची. बोट आत खुपसायचं नाही. दोन्ही हात कानांवर गेले की ग्लास धरायला हात उरत नाही, म्हणून ग्लास टेबलावर ठेवून स्ट्रॉने प्या. इथे स्ट्रॉ हा निव्वळ सोयीचा भाग नाही. बारीक स्ट्रॉमधून जोर लावून ओढावं लागतं, त्या ओढीत श्वासपटल आकसतं आणि लगेच गिळणं होतं. स्ट्रॉ मध्यावर थोडी चिमटून अरुंद केली तर ओढ आणखी वाढते. याच तत्त्वावर तोंडात धरून जोराने पाणी ओढायची एक नळी तयार करण्यात आली, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २४९ जणांपैकी बहुतेकांनी, दहात नऊ उचक्या तिने थांबल्या, असं सांगितलं. मात्र ती स्वतः वापरणाऱ्यांनी दिलेली माहिती होती, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. चिमटलेल्या स्ट्रॉचं तत्त्व तेच, म्हणून आधी ती करून पाहावी. फुकट आहे.

ग्लासाच्या पलीकडच्या कडेने, वाकून पाणी पिणं हा जुना उपाय चालतो, कारण त्या अवघड स्थितीत घोट आपोआप लहान होतात, श्वास रोखला जातो आणि पोट दाबलं जातं. पण अंगावर पाणी सांडण्यापलीकडे त्यात एक खरा धोकाही आहे. गिळताना उचकी आली तर पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. लहान मुलं, वृद्ध, पक्षाघात होऊन गेलेले किंवा गिळायला त्रास असणारे यांना हा उपाय नको. वर सांगितलेला स्ट्रॉचा प्रकार तेच काम ताठ बसून करतो.

बर्फाच्या पाण्याच्या गुळण्या हा त्यातल्या त्यात सोपा पर्याय आहे. ३० सेकंद घशात खळखळ, थुंकणं, पुन्हा ३० सेकंद. गुळणी करताना श्वास बाहेर सोडत राहावा लागतो, त्यामुळे ठसक्याची शक्यता कमी होते. अर्थात ज्यांची उचकी थंड पाण्यानेच सुरू झाली त्यांनी कोमट पाणी घ्यावं.

साखर आणि जिभेवरचे इतर पदार्थ

साखरेचा उपाय खरा आहे, पण करायची रीत बहुतेक चुकते. दाणेदार कोरडी साखर, एक चहाचा चमचा, म्हणजे ४ ते ५ ग्रॅम. ती जिभेच्या मागच्या भागावर टाका, चार-पाच सेकंद तशीच राहू द्या आणि न चावता, पाण्याशिवाय गिळा. काम साखरेच्या गोडीपेक्षा तिच्या खरखरीत कोरड्या दाण्यांचं असतं. ते घशाच्या मागच्या भिंतीला घासत जातात. साखर पाण्यात विरघळवून प्यायली, किंवा तोंडात चघळत पाक करून गिळली, तर उपायातला उपायच नाहीसा होतो. पिठीसाखर तर अजिबात नको, उचकीच्या झटक्यात तिची भुकटी श्वासनलिकेत खेचली जाते आणि जोरदार ठसका लागतो.

१९७१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २० जणांवर हा उपाय करून पाहिला आणि १९ जणांची उचकी लगेच थांबली. त्यातल्या काहींची उचकी तासांची नव्हे, दिवसांची होती. आकडा भारावून टाकणारा आहे, पण तुलनेचा गट तिथेही नव्हता आणि इतक्या वर्षांत त्याची मोठी, नीट चाचणी झालेली नाही. तरीही निरोगी माणसाला एक चमचा साखरेने काही बिघडत नाही, म्हणून प्रयत्न करायला हरकत नाही. दोन मिनिटांत फरक नाही पडला तर एकदाच पुन्हा. मधुमेह असणाऱ्यांनी चमच्यामागून चमचे खात बसू नये. त्यांच्यासाठी श्वासाची पद्धत आहेच.

लिंबाची फोड चावणं, पाव चमचा लिंबाचा रस जिभेच्या मागे सोडणं, किंवा एक चमचा व्हिनेगर दोन चमचे पाण्यात मिसळून घेणं, यांचा आधार तोच: घशाला अचानक तीव्र चव. छातीत जळजळ किंवा आंबट पाणी वर येण्याचा त्रास असेल तर हे टाळा. अशा माणसाची उचकी बऱ्याचदा आम्लामुळेच असते आणि वरून आंबट घेतलं की ती लांबते. निव्वळ व्हिनेगर कुणीच पिऊ नये, घसा आणि दात दोन्ही पोळतात. चमचाभर घट्ट मध किंवा शेंगदाण्याचं बटर जिभेवर धरून सावकाश गिळलं की चिकटपणामुळे गिळणं लांबतं आणि श्वासाची लय मोडते. साखरेइतकं नाही, पण काहींना पुरतं. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध कधीच नाही. त्यातल्या जिवाणूंमुळे बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

शरीराची ठेवण

खुर्चीत बसून पुढे वाका, छाती मांड्यांना टेकवा, हाताने गुडघे छातीशी ओढून धरा. एक ते दोन मिनिटं. पोटाकडून पटलावर दाब येतो. यासोबत श्वास रोखला तर चांगलंच. भरपेट जेवणानंतर लगेच केलं तर आम्ल वर चढतं, तेव्हा जेवून अर्धा तास तरी हा उपाय करू नका.

नाक चिमटीत धरून, तोंड बंद करून, शौचाला जोर करतात तसा १० ते १५ सेकंद जोर लावणं हा प्रकारही चालतो. पण त्यात रक्तदाब आणि नाडी क्षणभर खालीवर होतात. हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, नुकतीच झालेली डोळ्यांची किंवा पोटाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर नको. गरोदरपणीही हा प्रकार सोडून स्ट्रॉने पाणी किंवा साखर बरी.

जीभ बोटांनी धरून हलकेच बाहेर ओढणं घशामागची नस चाळवतं. दिसतं हास्यास्पद, पण साधं आहे आणि धोका नाही.

जे करू नये

घाबरवणं हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कमी भरवशाचा उपाय. दचकल्यावर क्षणभर श्वास अडतो, तेवढ्यापुरता फायदा झाला तर झाला. तोंडात घास किंवा पाणी असेल तर ते श्वासनलिकेत जायचं. बंद डोळ्यांच्या बुबुळांवर दाब देणं जुन्या पुस्तकांतून अजून फिरतंय; त्याने हृदयाची गती धोकादायक कमी होऊ शकते आणि डोळ्याला इजा होते. गळ्याच्या बाजूची धडधडणारी रक्तवाहिनी चोळणं हेही घरी करण्यासारखं नाही. वयस्क माणसाच्या त्या रक्तवाहिनीत चरबीचा थर असेल तर त्यातला तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो.

पिशवीत श्वास घेण्याबद्दल सांगायचं तर कागदी पिशवी तोंड-नाकाशी सैल धरून, बसून, पाच-सहा श्वास, यापलीकडे जाऊ नये. डोकं पिशवीत घालायचं नाही. प्लास्टिकची पिशवी कधीच नाही. दमा, फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर कागदीही नाही. श्वास रोखून तोच परिणाम मिळत असताना पिशवीची गरज क्वचितच पडते.

उपाय चालतोय हे कसं ओळखायचं

साधी उचकी काही मिनिटांत आपोआप थांबते. त्यामुळे थांबण्याच्या वेळी जो उपाय हातात असेल त्याला श्रेय मिळतं. प्रत्येक घरात एक ‘हमखास’ उपाय असतो आणि प्रत्येकाचा वेगळा असतो, त्याचं कारण हेच. स्वतःसाठी खरंच काय चालतं हे पाहायचं असेल तर दोन उचक्यांमधलं अंतर मोजा. उपायाआधी ते अंतर आठ सेकंद होतं आणि नंतर वीस-पंचवीस झालं, तर उपाय लागू पडतोय. उचकी अजून थांबली नसली तरी तोच पुन्हा करा. अंतर तसंच राहिलं तर दुसऱ्या जातीचा उपाय घ्या. म्हणजे श्वासाचा चालला नाही तर घशाचा, साखर चालली नाही तर श्वासाचा. साखरेनंतर लिंबू आणि लिंबानंतर व्हिनेगर यात फरक काहीच नाही, एकाच दारावर तीनदा टकटक होते. दोन मिनिटं एकही उचकी आली नाही तर ती गेली असं धरायला हरकत नाही.

उचकी सुरू झाल्याबरोबर उपाय करणं फायद्याचं. लय बसलेली उचकी मोडायला जास्त वेळ लागतो. अर्धा तास प्रयत्न करूनही फरक नसेल तर सगळं सोडून शांत बसा किंवा डाव्या कुशीवर, डोकं उंच ठेवून पडा. सतत पाणी, साखर, लिंबू घेत राहिल्याने पोट भरतं आणि उचकीला नवं निमित्त मिळतं.

जेवणानंतर वारंवार लागत असेल तर

इथे थांबवण्याच्या उपायांपेक्षा लागूच न देण्याकडे लक्ष द्यायला हवं. जेवणाला निदान २० मिनिटं द्या. घाईत खाणारा माणूस अन्नाबरोबर बरीच हवा गिळतो, घास चावतानाच बोलणाराही. जेवताना सोडा किंवा कुठलंही फसफसणारं पेय नको. त्यातला वायू जठरातच सुटतो. मद्य दोन्ही बाजूंनी त्रास देतं, अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाची पकड ढिली करतं आणि मेंदूचा लगामही. वाफाळलेला घास आणि त्यावर लगेच बर्फाचं पाणी, ही जोडी तोडा. तिखटातलं कॅप्सेसिन अन्ननलिकेच्या नसांना थेट चाळवतं. पहिल्या तिखट घासालाच उचकी लागणाऱ्यांनी आधी दोन-तीन साधे घास खाऊन सुरुवात करावी. च्युइंग गम आणि धूम्रपान यांतही हवा गिळली जाते.

वर उपाय म्हणून सांगितलेली स्ट्रॉ रोजच्या पेयांसाठी मात्र वापरू नका. सवयीने ओढताना प्रत्येक घोटाआधी नळीतली हवा पोटात जाते.

उचकीबरोबर छातीत जळजळ, तोंडात आंबट पाणी, रात्री कोरडा खोकला असेल तर दोष आम्लाचा समजावा. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंची (उशांवर उशा रचून पोट मुडपतं, त्याचा उपयोग नाही), डाव्या कुशीवर झोपणं, कमरेला सैल कपडे. दोन आठवडे हे नीट पाळूनही उचकी येतच राहिली तर आम्लावरच्या औषधांबद्दल डॉक्टरांशी बोला.

बाळांची उचकी

तान्ह्या बाळांना दिवसातून कितीदाही उचकी लागते आणि बहुतेक वेळा तिचा त्रास बाळाला नसतो, पाहणाऱ्यांना असतो. पोटात असतानाही बाळ उचक्या देतं. ते सोनोग्राफीत दिसतं आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईला ठराविक लयीतल्या हलक्या ठोक्यांसारखं जाणवतं. दूध पिताना उचकी लागली तर पाजणं थांबवा, बाळाला उभं खांद्यावर धरा, पाठीवरून हात फिरवून ढेकर काढा. शांत झालं की पुन्हा पाजा. बाटलीने पाजत असाल तर बाटलीच्या तोंडात पूर्ण दूध आहे ना, हवा नाही ना, ते पाहा. छिद्र मोठं असेल तर दूध भसकन येऊन बाळ घाईने गिळतं. पाजल्यावर २० ते ३० मिनिटं उभं धरलं तर बरंच निभावतं.

साखर, मध, लिंबू, दचकवणं, जीभ ओढणं यातलं काहीही बाळावर करायचं नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उचकीसाठी पाणीही द्यायचं नाही. प्रत्येक पाजण्यानंतर उचकीबरोबर बाळ पाठ ताणून रडत असेल, भरपूर ओकत असेल किंवा वजन वाढत नसेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

घरगुती उपायांची हद्द कुठे संपते

४८ तास. त्यापुढे गेलेली उचकी ही उपाय बदलून पाहण्याची गोष्ट राहत नाही, कारण शोधायची गोष्ट होते. महिन्याहून जास्त टिकलेल्या उचकीला तर वैद्यकशास्त्रात हट्टी उचकी म्हणूनच वेगळं काढतात. तिची कारणं लांबवर पसरलेली असतात: मूत्रपिंडं निकामी होणं, रक्तातलं सोडियम घटणं, अनियंत्रित मधुमेह, फुप्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया, यकृताजवळचा गळू, मेंदूच्या देठातला पक्षाघात किंवा गाठ. कधी कारण किरकोळही निघतं. कानाच्या पडद्याला टेकलेला केस काढला आणि उचकी थांबली, अशाही नोंदी आहेत. ब्राझीलचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जाईर बोल्सोनारो यांना जुलै २०२१ मध्ये दहा दिवसांहून अधिक उचकी लागून राहिली होती. रुग्णालयात नेल्यावर आतड्यात अडथळा सापडला. दुसरं टोक म्हणजे अमेरिकेतले चार्ल्स ऑस्बोर्न. त्यांची उचकी १९२२ साली सुरू झाली ती १९९० साली थांबली.

काही लक्षणं असतील तर ४८ तासांचीही वाट पाहायची नाही. छातीत दुखणं किंवा दम लागणं, चेहरा वाकडा होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक गरगरणं, तोल जाणं, एकाचं दोन दिसणं, गिळता न येणं, रक्ताची उलटी, पोट फुगून तीव्र दुखणं आणि वायू-शौच बंद होणं. यांत उचकी हे सोबतचं चिन्ह असतं आणि मुख्य आजार वेगळाच. मेंदूच्या देठाच्या पक्षाघातात तर हात-पाय व्यवस्थित चालत असतात, फक्त चक्कर, गिळायला त्रास आणि न थांबणारी उचकी एवढंच दिसतं, म्हणून तो हमखास नजरेतून सुटतो.

औषधांमुळेही उचकी लागते. डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड, झोपेची आणि भुलीची काही औषधं, अफूवर्गातली वेदनाशामकं, कर्करोगावरची काही औषधं ही त्यातली नेहमीची. नवं औषध सुरू झाल्यावर दोन-चार दिवसांत उचकी सुरू झाली असेल तर ते डॉक्टरांना सांगा, पण औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टिरॉइड अचानक बंद करणं उचकीपेक्षा कितीतरी वाईट.

हट्टी उचकीवर बॅक्लोफेन, गॅबापेंटिन, मेटोक्लोप्रमाइड, क्लोरप्रोमाझिन ही औषधं वापरतात. यातलं एकही घरच्या कपाटातून काढून घेण्याजोगं नाही. बॅक्लोफेन मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या अंगात साठत जातं आणि माणूस गुंगीत, प्रसंगी बेशुद्धीत जातो. गंमत अशी की मूत्रपिंडाचेच रुग्ण उचकीने जास्त हैराण असतात. क्लोरप्रोमाझिनने उभं राहताच रक्तदाब घसरतो, वयस्क माणसं पडतात.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी लिहून न्या, निम्मा तपास तिथेच होतो. उचकी कोणत्या दिवशी, काय करताना सुरू झाली. जेवणाशी, आडवं पडण्याशी, मान वळवण्याशी तिचा संबंध दिसतो का. गेल्या महिन्याभरात सुरू झालेली किंवा मात्रा बदललेली सगळी औषधं. आणि झोपेत उचकी चालू राहते का. हे स्वतःला कळत नाही, म्हणून झोप लागल्यावर अर्ध्या तासाने घरातल्या कुणालातरी पाहायला सांगा. झोपेतही चालू राहणाऱ्या उचकीमागे शारीरिक कारण सापडण्याची शक्यता जास्त असते, आणि मग डॉक्टर रक्तातले क्षार, मूत्रपिंडाचं काम, साखर, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे इथून सुरुवात करतात.